सांताची टोपी राहू द्या, 26 तारखेची चाचणी तेवढी पुढे ढकला

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन वाचा. काहींना आवडणार नाही, त्यांनी तर जरूर वाचा.

डिसेंबर लागला की आपल्या श्रीरामपुरातल्या शाळांच्या पालक ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. पहिला असा : 24 तारखेला शाळेत 'ख्रिसमस सेलिब्रेशन' आहे, पहिली ते चौथीच्या सर्व मुलांनी लाल ड्रेस व सांताची टोपी घालून यावे, फोटो काढले जातील. दोन दिवसांनी दुसरा येतो : 26 तारखेपासून घटक चाचणी सुरू होत आहे, कोणीही गैरहजर राहू नये. कुठे चाचणीऐवजी स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम असते, कुठे क्रीडा महोत्सव. तारीख एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते, नमुना तोच.

वर्गातल्या चाळीस मुलांना एक दिवस सांता करायचं आणि त्यातल्या ज्या तीन-चार लेकरांच्या घरी खरंच नाताळ असतो, त्यांना आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत शाळेत अडकवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गणिताच्या पेपरला बसवायचं. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मला वाटतं. म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या शाळांना नाताळ हवाय तो फोटोपुरता. नाताळ करणारं घर मात्र त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. आणि हे बदलायला नवा कायदा लागत नाही, नवा जीआर लागत नाही, पैसा तर अजिबात लागत नाही.

मी ख्रिस्ती आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता कळलं. बायको नर्स आहे, मुलगी दुसरीत आणि मुलगा बालवाडीत आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते ऐकीव नाही.

*

आधी नाताळ घरात कसा असतो ते सांगतो. कारण अनेक जवळच्या मित्रांनाही वाटतं की नाताळ म्हणजे 25 तारखेचा एक केक. तसं नसतं.

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाला किंवा डिसेंबरच्या सुरुवातीलाच सुरुवात होते. पहिल्या रविवारी चर्चमध्ये कार्यक्रमपत्रिका वाचली जाते आणि घरातल्या बाईच्या कपाळाला आठी पडते. घराला चुना नाहीतर रंग. पडदे धुवायचे. दोन्ही लेकरांना कपडे शिवायला टाकायचे, कारण शिंपी दहा तारखेनंतर हात जोडतो. संडे स्कूलचं नाताळ नाटक असतं, त्याच्या तालमी संध्याकाळी. आमच्याकडे पोरगी यंदा देवदूत आहे आणि धाकटा मेंढरू. देवदूताला पंख लागतात, मेंढराला कापूस लागतो. मेंढराला तालमीत झोप येते, ते वेगळं.

पंधरा तारखेनंतर कॅरलवाले निघतात. रात्री नऊ-दहाला, थंडीत, पेटी-ढोलकी घेऊन घरोघरी. कुणाच्या घरी किती वाजता येतील याचा भरवसा नाही. लेकरं जागीच राहतात, कारण टोळी आली आणि आपण झोपलेलो सापडलो तर काय, ही त्यांची वर्षातली सगळ्यात मोठी काळजी. मग दाराशी गाणं, प्रार्थना, सगळ्यांना चहा. पहाटे पुन्हा शाळेचा डबा.

फराळ तर दिवाळीसारखाच. करंज्या, शंकरपाळी, चकली, लाडू. केक बेकरीतून येतो, करंजी घरात होते. दारावर चांदणी लावायची, कोपऱ्यात गोठा करायचा, त्यात गव्हाणी, गाय, मेंढरं, मरीया आणि योसेफ. बाळ येशूला रिवाजाप्रमाणे 24 च्या रात्रीच गव्हाणीत ठेवायचं. धाकटा मात्र रोज ते बाळ काढून खिशात घालून फिरतो.

24 तारीख हा आमच्या वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून माणसं त्याच दिवशी गावी येतात. कॅथलिकांची मध्यरात्रीची मिस्सा असते, आमच्या काही मंडळ्यांची रात्रीची उपासना. 25 ला सकाळी पुन्हा चर्च, मग दिवसभर येणं-जाणं. शेजारच्या काकूंकडे, समोरच्या भाभींकडे, शाळेतल्या बाईंकडे फराळाची ताटं पोचवायची. 26 ला बहुतेक बाया माहेरी निघतात, लेकरांना घेऊन. कारण आजी-आजोबांनी आपल्याकडचा नाताळ एक दिवस मागे ठेवलेला असतो. ज्यांचं माहेर शेवगाव-पाथर्डीकडं नाहीतर जालन्याकडं, त्यांचा अख्खा दिवस एसटीत जातो. पुन्हा 31 च्या रात्री वॉचनाईटची उपासना आणि 1 तारखेला नव्या वर्षाची.

तक्रार या धावपळीची नाही, हे आधी स्पष्ट करतो. लहान लेकरं असलेल्या घरात सण म्हणजे धावपळच, दिवाळीला तुमच्याकडेही तेच असतं. फरक एवढाच की दिवाळीला तुमच्या घराच्या मागे अख्खं वेळापत्रक उभं असतं. शाळा बंद, सहामाही परीक्षा आधी उरकलेली, बोनस झालेला, एसटीच्या जादा गाड्या सोडलेल्या. नाताळच्या घरामागे फक्त एक लाल तारीख असते. तिच्या अलीकडे आणि पलीकडे जे आहे ते सगळं आईने उचलायचं.

आणि लेकरू शाळेत नाही गेलं तर? माझ्या मुलीच्या वर्गात मागच्या वर्षी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस होतं. वर्षभर तापातसुद्धा शाळेत गेलेली एक मुलगी 26 तारखेला आजोळी गेली आणि बक्षीस गेलं. ती माझी मुलगी नव्हती, तिच्या शेजारी बसणारी होती. सात वर्षांच्या पोरीला आपण काय शिकवलं? की तुझा सण म्हणजे तुझी गैरहजेरी.

*

आता दुसऱ्या बाजूला येतो. कारण टोपीवाल्या मेसेजच्या मागोमाग तिसरा एक मेसेजही येतो. तो शाळा पाठवत नाही, कुणीतरी पालक फॉरवर्ड करतो. मुलांना सांता बनवू नका, परकीय संस्कृती आहे, 25 डिसेंबरला तुळशीची पूजा करा. मग ग्रुपवर दोन तास वाद होतो. एक जण म्हणतो सगळे धर्म सारखे, दुसरा म्हणतो मग आमच्याच मुलांनी का. शेवटी ॲडमिन ग्रुप बंद करतो.

त्या दोन तासांत ग्रुपवरच्या तीन-चार ख्रिस्ती पालकांपैकी कुणीही एक अक्षर लिहीत नाही. आमच्यावरच चर्चा चाललेली असते आणि आम्ही करंज्या तळत असतो.

तर या मेसेजवाल्यांना माझं उत्तर. सांता परका आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे! सेंट निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, ते ठिकाण आजच्या तुर्कस्तानात. लाल कोटातला पोट सुटलेला म्हातारा ही पुढे अमेरिकेतल्या चित्रकारांनी घडवलेली मूर्ती. 1930 च्या दशकात एका शीतपेयाच्या जाहिरातींनी ती जगभर पक्की केली. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती आजीला विचारा, तिच्या लहानपणी नाताळात सांता होता का. नव्हता. भजन होतं, पेटी होती, नवं लुगडं होतं आणि गूळ घातलेली करंजी होती.

म्हणजे शाळा जो नाताळ साजरा करते तो आमचा नाही, आणि मेसेजवाले ज्याला विरोध करतात तोही आमचा नाही. दोघांचं भांडण त्या शीतपेयाच्या जाहिरातीवरून चाललंय. आमचं घर या भांडणात कुठेच नाही, आणि त्याची झळ मात्र आमच्याच लेकरांना लागते.

आणि परकीय म्हणजे नक्की किती वर्षांनी स्वकीय होतात? अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं ते 1831 मध्ये. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक 1842 मध्ये नगरहून सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं नगरमध्ये काढली. त्यांची मराठी भजनं आजही आमच्या 'उपासना संगीता'त आहेत आणि नाताळच्या रात्री टाळ-मृदंगावर म्हटली जातात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच मराठीच्या पुस्तकात धड्यातून वाचली असतील. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. एवढं सगळं ज्या मातीत झालं, तिथल्या माणसाच्या सणाला डिसेंबरात दरवर्षी ओळखपत्र मागायचं, याला काय म्हणावं?

तुळशीबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्याही दारात आहे, थंडीत लेकरांना खोकला झाला की काढा तिचाच होतो. रोज पूजा करा, कोण नाही म्हणतंय. प्रश्न तुळशीचा नाहीच. वर्षाचे 365 दिवस मोकळे असताना तुळशीला नेमकी 25 डिसेंबरच का लागते, हा आहे.

सरकारी पातळीवरही एक घोळ झालाय. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म 25 डिसेंबर 1924 चा. 2014 पासून हा दिवस 'सुशासन दिन' म्हणून पाळला जातो. अटलजींबद्दल आदर आहे, पत्रकार आणि कवी माणूस होता. पण त्या पहिल्याच वर्षी केंद्रीय शाळांमधल्या निबंध स्पर्धेवरून वाद झाला आणि शाळा 25 ला बंदच राहतील असा खुलासा केंद्राला करावा लागला. म्हणजे जी एक लाल तारीख आमच्याकडे आहे, तिचीही खात्री करून घ्यावी लागते. सुशासन म्हणजे काय, याचा सोपा अर्थ मला विचाराल तर, कुणाच्या सणात कुणाची हजेरी लागणार नाही एवढं बघणं.

*

आता मुद्द्याची गोष्ट, नियमाची. ही नीट वाचा, कारण मुख्याध्यापकांकडे गेलात तर पहिलं वाक्य ऐकाल : "आमच्या हातात काही नाही, सुट्ट्या वरून येतात."

अर्धसत्य आहे. राज्यात शाळांना वर्षभरात सगळ्या मिळून जास्तीत जास्त 76 सुट्ट्या आणि कामाचे किमान 230 दिवस, असं ते गणित आहे. शिक्षण विभागाच्या सुट्ट्यांच्या परिपत्रकात आणखी एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून, त्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला ती समायोजनाने घेता येते. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, बस. नाताळाचं नाव त्या ओळीत आहे. मी घातलेलं नाही.

याच तरतुदीवर कोकणातल्या शाळा गणपतीत बंद असतात. दिवाळीची सुट्टी तेवढी कमी होते आणि कुणी कुरकुर करत नाही. करूच नये, कारण गणपतीत कोकणातलं पोरगं शाळेत बसूच शकत नाही. मुंबईत बऱ्याच शाळांना नाताळात आठवडाभर सुट्टी असते. आपल्याकडेही काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा डिसेंबरअखेर बंद असतात, त्याला 'विंटर ब्रेक' म्हणतात म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तेच 'नाताळची सुट्टी' म्हटलं की लांगूलचालन होतं. शब्द इंग्रजीत असला की धर्म दिसत नाही, ही गंमत बघा.

याखेरीज मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एक-दोन सुट्ट्या असतात. त्या कुठे जातात? क्रिकेटची फायनल, कुणाचं तरी जवळचं लग्न, नाहीतर मार्चपर्यंत तशाच पडून.

आता समोरच्या बाजूचं जे खरं म्हणणं आहे, तेही मांडतो. एखाद्या शाळेत चारशे मुलं आणि त्यात ख्रिस्ती दहा. दहासाठी तीनशे नव्वदांची दिवाळीची सुट्टी दोन दिवसांनी कापायची का? प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम 1 टक्का होती, पावणेअकरा लाखांच्या आसपास. सगळ्या महाराष्ट्रात आठवडाभर शाळा बंद ठेवा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण ही एक टक्का माणसं राज्यभर सारखी पसरलेली नाहीत. वसईच्या पट्ट्यात आहेत, मुंबईत आहेत, जालन्यात आहेत आणि आपल्या नगर जिल्ह्यात आहेत. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला किती गर्दी होते ते तुम्ही डोळ्याने बघता, त्या गर्दीत हिंदू भाऊ-बहिणी पण असतात. तालुक्यातल्या काही गावांत, काही वस्त्यांवर शाळेतली निम्मी लेकरं ख्रिस्ती आहेत. तिथे दोन दिवसांचं समायोजन करायला काय हरकत आहे? आणि जिथे दहाच लेकरं आहेत, तिथे शाळा बंद करूच नका. फक्त 24 ते 26 मध्ये परीक्षा ठेवू नका, सक्तीची तालीम ठेवू नका, आणि त्या दिवसांची गैरहजेरी बक्षिसाच्या आड आणू नका. एवढ्याने दिवाळीचा एक तासही कमी होत नाही.

"एकाला दिलं की सगळे मागतील," हे दुसरं वाक्य. मागू द्या की! ईदच्या दुसऱ्या दिवशीही चाचणी ठेवू नका. बुद्धपौर्णिमेला तर बहुतेक उन्हाळ्याचीच सुट्टी असते. पर्युषणात उपास धरलेल्या जैन लेकराला पीटीच्या तासाला पळवू नका. यादी करून बघा, वर्षातले आठ-दहा दिवस निघतील. जूनमध्ये वेळापत्रक करताना ही यादी शेजारी ठेवली तर सगळं काम अर्ध्या तासाचं आहे.

हे जमतं, याचा पुरावा माझ्या घरात आहे. दवाखान्याला सुट्टी नसते. 24 च्या रात्री तिथेही पेशंट असतात. बायकोच्या वॉर्डात नर्सेसनी आपसांत ठरवून टाकलंय. लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी ख्रिस्ती सिस्टर करतात, 24 ची हिंदू आणि मुस्लिम सिस्टर करतात, ईदला परत अदलाबदल. कुणी अर्ज केला नाही, कुणी मोर्चा काढला नाही, ग्रुपवर वाद झाला नाही. बारा तास उभं राहून काम करणाऱ्या बायांना जे सुचलं, ते खुर्चीत बसून वेळापत्रक करणाऱ्या संस्थाचालकांना का सुचू नये?

*

आता आमच्याच लोकांकडे वळतो. नाहीतर म्हणाल, पत्रकार आहे आणि घरचं झाकतोय.

पहिलं. ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या काही शाळांतसुद्धा डिसेंबरचा शेवटचा आठवडा स्नेहसंमेलनाने खाल्लेला असतो. पाहुण्यांची तारीख तीच मिळाली, मंडपवाला तेव्हाच मोकळा होता, कारणं तयार असतात. तुम्हीच तुमच्या लेकरांचा विचार करणार नसाल तर बाकीच्या शाळांना आम्ही कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरं. आपल्या मंडळ्यांचे कार्यक्रम. नाताळाचा बालकांचा कार्यक्रम पत्रिकेवर सहाचा, सुरू होतो आठला. कारण प्रमुख पाहुणे यायचे असतात. पाहुणे म्हणजे कधी आमदार, कधी आजी, माजी आणि भावी नगरसेवक. ते येतात, शाल-नारळ होतं, शुभेच्छांचं भाषण होतं, प्रत्येक जण सर्वधर्मसमभावावर बोलतो. तोवर देवदूतांचे पंख मोडलेले असतात आणि मेंढरं खुर्च्यांवर झोपलेली. त्या मेंढरांना उठवून साडेदहाला नाटकात उभं करायचं आणि रडली की आईवर ओरडायचं. हा कार्यक्रम लेकरांचा आहे की बॅनरवाल्यांचा? आणि या पाहुण्यांनी व्यासपीठावर आलंच आहे तर त्यांना शुभेच्छा मागू नका. शाळेच्या 26 तारखेबद्दल ते शिक्षणाधिकाऱ्यांना फोन करणार का, ते माइकवर विचारा. मग पुढच्या वर्षी किती जण येतात ते बघू.

तिसरं, आणि हे पुरुषांसाठी. नाताळात आपण माइक, मंडप, लायटिंग आणि जनरेटर बघतो आणि फार थकतो. घरात तीन आठवडे तळण, शिवण, धुणं, पाहुणे, आजारी लेकरू आणि त्यावर नोकरी एकटी बाई बघते. कॅरलच्या वीस जणांना रात्री अकराला चहा कोण करतं? संडे स्कूलचा कापूस कोण चिकटवतं? शाळेने सुट्टी दिली नाही म्हणून ओरडणाऱ्याने, त्या दिवशी घरात स्वतः काय केलं हेही सांगावं. एक दिवसाची करंजी आपण लाटली तर चर्चची घंटा काही बंद पडणार नाही.

चौथं, कर्ज. हे कुणी बोलत नाही. शेजाऱ्याच्या लेकरांना दोन ड्रेस म्हणून आपल्याला दोन ड्रेस, त्यात शाळेचा सांताचा तिसरा. बाजारात तो लाल पोशाख तीनशे-साडेतीनशेला मिळतो, एकदा घालायचा आणि फेकायचा. हातावर पोट असलेल्या घरात साडेतीनशे म्हणजे एका दिवसाची मजुरी. ख्रिस्ती असो की हिंदू, कुठल्याच घरावर शाळेने ही सक्ती करू नये. पालक विरोधात बोलत नाहीत, कारण वर्गात आपलंच एक लेकरू साध्या कपड्यात दिसायला नको. ही भीती शाळांना चांगली कळते.

*

मागण्या लिहून देतो, म्हणजे नंतर "नक्की काय पाहिजे" असं कुणी विचारायला नको.

1. यंदासाठी : 24, 26 आणि 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला चाचणी, सक्तीची तालीम, स्पर्धा ठेवू नये. ठेवलीच असेल तर ख्रिस्ती लेकरांना नंतर संधी द्यावी.

2. या दिवसांची गैरहजेरी हजेरीच्या बक्षिसासाठी धरू नये. पालकाची एक चिठ्ठी पुरे समजावी.

3. जिथे ख्रिस्ती लेकरं जास्त आहेत, तिथे मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारातली सुट्टी 24 किंवा 26 ला द्यावी.

4. पुढच्या वर्षासाठी : अशा शाळांच्या पालकांनी जूनमध्येच लेखी अर्ज करावा, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्यावा आणि दोन-तीन दिवसांच्या समायोजनाचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. डिसेंबरात ओरडून उपयोग नाही, तोवर वेळापत्रक छापलेलं असतं.

5. सांताच्या पोशाखाची सक्ती बंद. मुलांना नाताळ सांगायचाच असेल तर वर्गातल्या ख्रिस्ती लेकराच्या आजीला अर्धा तास बोलवा. ती गोठा कसा करतात ते दाखवेल, एक भजन म्हणेल आणि येताना करंज्या आणेल. खर्च शून्य.

6. मंडळ्यांनी बालकांचा कार्यक्रम सहाला सुरू करून साडेआठला संपवावा. पाहुणा वेळेत आला तर ठीक, नाही आला तर लेकरांसाठी एक खुर्ची मोकळी झाली.

अर्जाचा कच्चा मसुदा मी तयार केलाय. ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, पाठवतो. चार ओळींचाच आहे, त्यात कुणावर आरोप नाही, फक्त तारखा आणि विनंती आहे. एकट्याने दिला तर फायलीत जाईल, एका वर्गातल्या दहा पालकांनी मिळून दिला तर टेबलावर राहील. त्या दहात सात हिंदू आणि मुस्लिम पालक असतील तर मुख्याध्यापक त्याच दिवशी सही करतील, हे वीस वर्षांच्या बातमीदारीच्या अनुभवावरून सांगतो. म्हणून ही पोस्ट खरं तर तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी कमी. आम्ही मागितलं तर ते मागणं होतं. तुम्ही मागितलं तर तो शेजारधर्म होतो.

नाताळची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोमच्या सम्राटाने नावनोंदणीचा हुकूम काढला. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लावायचं. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्या हुकुमात बघितलेलं नव्हतं. दिवस भरलेली एक बाई नवऱ्याबरोबर नासरेथहून बेथलेहेमला निघाली आणि गावात पोचली तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती. मग गोठा, मग गव्हाणी. हुकूम काढणाऱ्याचा त्या बाईशी वैर नव्हतं, ती त्याच्या हिशेबातच नव्हती. आपल्या वेळापत्रकांचंही तेच आहे. कुणी मुद्दाम करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुद्दाम केलं नाही म्हणून लेकराचा पेपर पुढे जात नाही. त्यासाठी कुणीतरी तारीख खोडून दुसरी लिहावी लागते.

चाचण्यांची वेळापत्रकं बहुतेक शाळांत याच आठवड्यात निघतील. म्हणजे तारीख बदलायला अजून वेळ आहे. आपापल्या वर्गशिक्षकांना उद्याच विचारा. आणि 25 ला संध्याकाळी घरी या, ज्यांना पोस्ट पटली नाही त्यांनीही या. करंज्या भरपूर केल्यात.